प्लेग आयोग, भारतीय

भारतातील प्लेगच्या साथीचा उगम, रोगाच्या संक्रमणाची रीत आणि प्रतिबंधक लस व रोगनाशक रक्तरस यांची उपयुक्तता या बाबींची चौकशी करण्यासाठी ब्रिटिश शासनाने १८९८ मध्ये नेमलेला आयोग. एडिंबरो विद्यापीठातील औषधिविज्ञानाचे प्राध्यापक टॉमस रिचर्ड फ्रेझर हे त्याचे अध्यक्ष होते. आयोगाने १८९८–९९ मध्ये साक्षी घेतल्या व त्याचा अहवाल १९००–०१ मध्ये प्रसिद्ध झाला. महामारीच्या काळात शासनाने योजिलेल्या उपायांची मोठ्या प्रमाणावर चौकशी होण्याचे भारतातील हे आरंभीचे उदाहरण होय. शास्त्रीय प्रश्नांवर या आयोगाने विपुल साधनसामग्री जमा केली. तथापि शासनाच्या वर्तनाचा प्रश्न त्याच्या कक्षेबाहेर ठेवण्यात आला होता. त्याच्या कार्याचे महत्त्व व मर्यादा ही दोन्ही या एका गोष्टीत सामावलेली आहेत.

पार्श्वभूमी : एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात चीनमधील युनान प्रांतातून पसरलेली प्लेगची साथ १८९४ मध्ये हाँगकाँगला पोहोचली. तेथेच त्या वर्षी अलेक्सांद्र येर्सँ व शिबासाबुरो किटासाटो यांनी रोगाचा सूक्ष्मजंतू शोधून काढला. हाँगकाँगशी मुंबईचा सागरी व्यापार मोठा होता. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस या मूळच्या गोव्यातील वैद्यांना काखेत व जांघेत गाठी येऊन तीव्र ज्वराने दगावणारे रुग्ण आढळले. हा ग्रंथिक प्लेग आहे, असे त्यांनी २३ सप्टेंबर रोजी मुंबई महानगरपालिकेच्या स्थायी समितीपुढे स्पष्टपणे सांगितले. मांडवी हा बंदराला लागून असलेला, धान्याच्या वखारींचा व दाट वस्तीचा भाग होता. तेथे माणसांच्या आधी उंदीर मरून पडत असल्याचे रहिवाशांच्या लक्षात आले होते. परंतु या निरीक्षणाचा अर्थ त्या वेळी कोणालाही नीटसा उलगडला नव्हता.

१८९१ च्या जनगणनेनुसार मुंबईची लोकसंख्या ८ लाखांच्या वर होती. १८९७ च्या आरंभापर्यंत त्यांपैकी जवळजवळ निम्मे लोक शहर सोडून गेले. गिरण्या व गोदी ओस पडल्या. स्थलांतर करणाऱ्यांबरोबर रोगही आगगाडीने व गलबतांनी पुणे, कराची, सुरत, ठाणे, सातारा, कच्छ इ. ठिकाणी पोहोचला. पुढील दोन वर्षांत धारवाड-हुबळी, म्हैसूर, हैदराबाद, पंजाबातील जालंदर जिल्हा व कलकत्ता येथेही त्याचा शिरकाव झाला.

सक्तीचे उपाय : मुंबई महानगरपालिकेचे आयुक्त पी. सी. एच्. स्नो यांनी ६ ऑक्टोबर १८९६ रोजी महापालिका अधिनियमाखाली एक अधिसूचना काढून रुग्णांना घरातून हलविण्याचे अधिकार स्वतःकडे घेतले. लोकांत घबराट पसरली. २९ ऑक्टोबर रोजी सु. १,००० गिरणी कामगारांच्या जमावाने आर्थर रोडवरील साथीच्या रुग्णालयावर हल्ला केला, तेव्हा सक्ती काहीशी सैल करावी लागली. दरम्यान गटारांतून समुद्राचे पाणी व कार्बॉलिक अम्ल सोडणे, घरांना चुना फासणे, छपरांची कौले काढून घरात ऊन घेणे, कपडालत्ता जाळणे इ. उपाय चालू होते. घाण व कुंद हवा यांतून रोग उद्‌भवतो, ही जुनी समजूत आणि रोग सूक्ष्मजंतूंमुळे होतो, हा नवा सिद्धांत अशा दोहोंचा आधार या उपायांना होता.

१८९७ च्या आरंभी परराष्ट्रांचा दबाव वाढला. भारतातून येणाऱ्या जहाजांवर व मालावर बंदी येण्याची भीती निर्माण झाली आणि फेब्रुवारी–मार्चमध्ये व्हेनिस येथे प्लेगसंबंधी आंतरराष्ट्रीय आरोग्य परिषद भरली. या परिस्थितीत ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोग अधिनियम संमत झाला. जेमतेम चार कलमांच्या या अधिनियमाने साथीच्या प्रतिबंधासाठी आवश्यक वाटतील ते नियम करण्याचा, प्रवाशांची तपासणी करण्याचा व संशयित रुग्णांना वेगळे ठेवण्याचा अधिकार शासनाला दिला. नियमभंग करणारा भारतीय दंडसंहितेच्या १८८ व्या कलमाखाली शिक्षेस पात्र ठरला. अधिनियमानुसार सद्‌भावनेने केलेल्या कृत्याबद्दल मात्र कोणावरही दावा वा खटला चालविता येत नव्हता. नागरिकाने दाद कोठे मागावी, याविषयी अधिनियमात तरतूद नव्हती.

मार्च १८९७ मध्ये मुंबईत ब्रिगेडियर जनरल डब्ल्यू. एफ्. गॅटेकर यांच्या अध्यक्षतेखाली प्लेग समिती नेमण्यात आली. पुण्यात अशाच समितीचे प्रमुख म्हणून डब्ल्यू. सी. रँड हे सनदी अधिकारी आले. पुण्यात १३ मार्चपासून घरोघर झडतीचे काम गोऱ्या सैनिकांकडे सोपविले गेले. सैनिक देवघरांत व स्वयंपाकघरांत शिरले. स्त्रीपुरुषांची उघड्यावर तपासणी, सामानाची नासधूस, रुग्णाला रुग्णालयात व त्याच्या आप्तांना विलगीकरण छावणीत नेणे या गोष्टींमुळे शहरात संताप पसरला. बाळ गंगाधर टिळकांनी केसरीतून या कारभारावर टीका केली. त्याचबरोबर हिंदूंसाठी स्वतंत्र प्लेग रुग्णालय उभारण्यातही पुढाकार घेतला. याच साथीत रुग्णांची सेवा करताना १० मार्च १८९७ रोजी सावित्रीबाई फुले यांचा प्लेगने मृत्यू झाला.

२२ जून १८९७ च्या रात्री गणेशखिंड रस्त्यावर चाफेकर बंधूंनी रँड यांच्यावर गोळ्या झाडल्या. त्याच वेळी लेफ्टनंट आयर्स्ट हेही मारले गेले. रँड यांचा मृत्यू ३ जुलै रोजी झाला. यानंतर सरदार नातू बंधूंना १८२७ च्या विनियमाखाली चौकशीविना स्थानबद्ध करण्यात आले व टिळकांना सप्टेंबरमध्ये राजद्रोहाच्या आरोपावरून १८ महिन्यांची सक्तमजुरी झाली. सैनिकांनी स्त्रियांशी केलेल्या गैरवर्तनाचे आरोप गोपाळ कृष्ण गोखले यांनी इंग्लंडमध्ये जाहीरपणे मांडले होते; परंतु आरोप ज्यांच्या माहितीवर आधारलेले होते, ते पुढे येऊन पुरावा देण्यास धजेनात, म्हणून परत आल्यावर गोखल्यांना जाहीर माफी मागावी लागली. तक्रार खरी की खोटी, हे निःपक्षपाती चौकशीने ठरविण्याची संधी तेथेच संपली. [⟶ चाफेकर बंधु, टिळक, बाळ गंगाधर].

तरीही विरोध थांबला नाही. ९ मार्च १८९८ रोजी मुंबईतील मदनपुरा भागात विणकरांच्या वस्तीतून एका बारा वर्षांच्या आजारी मुलीला नेण्याचा प्रयत्न झाला, तेव्हा दंगल उसळली व गोळीबार झाला. त्याच वर्षी मे महिन्यात कलकत्त्यातही दंगे झाले. दोन वर्षांच्या सक्तीनंतरही रोग हटला नव्हता. उलट तो नव्या प्रांतांत पसरत होता. प्लेगविषयी मुंबईच्या आयुक्तांचे व प्लेग समितीचे अहवाल, तसेच भारत सरकारसाठी आर्. नेथन यांनी संकलित केलेला चार खंडांचा वृत्तांत १८९८ पर्यंत छापून झाले होते. मात्र हे अहवाल ज्यांनी उपाय राबविले, त्यांनी किंवा त्यांच्याच शासनाने लिहिलेले होते. जर्मनी, ऑस्ट्रिया, रशिया इ. देशांची वैज्ञानिक पथके १८९७ मध्येच मुंबईस येऊन गेली होती व जर्मन पथकात खुद्द रॉबर्ट कॉख यांचा समावेश होता. या पार्श्वभूमीवर स्वतंत्र तज्ञ आयोग नेमणे शासनाला अपरिहार्य झाले.

रचना व कार्यकक्षा : आयोगावर अध्यक्षांखेरीज चार सदस्य होते. नेटली येथील लष्करी वैद्यक विद्यालयाचे प्राध्यापक आमरॉथ राइट हे विषमज्वरावरील लशीच्या संशोधनासाठी प्रसिद्ध होते. मार्क आर्मांड रूफर हे ईजिप्तच्या सागरी आरोग्य व क्वारंटीन मंडळाचे अध्यक्ष होते. जे. पी. ह्यूएट व ए. क्यूमीन हे भारतीय सनदी सेवेतील अधिकारी होते, सी. जे. हॅलिफॅक्स या सनदी अधिकाऱ्याने सचिवाचे काम पाहिले. आयोगावर एकही भारतीय सदस्य नव्हता.

आयोगाकडे मुख्यतः तीन प्रश्न सोपविण्यात आले होते : (१) भारतातील निरनिराळ्या ठिकाणच्या साथींचा उगम, (२) रोगाच्या संक्रमणाची रीत आणि (३) रोगनाशक रक्तरस व प्रतिबंधक लस यांचे परिणाम. त्या अनुषंगाने प्रतिबंधक उपायांचा विचारही आयोगाने केला. मात्र त्या उपायांची अंमलबजावणी कशा रीतीने झाली, अधिकाऱ्यांनी अधिकारांचा गैरवापर केला काय, विरोधाची कारणे कोणती, हे प्रश्न त्याच्यापुढे ठेवण्यात आले नाहीत.

कामकाज : आयोगाने २९ नोव्हेंबर १८९८ पासून ३० मार्च १८९९ पर्यंत साक्षी नोंदविल्या. साथग्रस्त प्रांतांत फिरून त्याने सु. २६० साक्षीदार तपासले. त्यांत आरोग्याधिकारी, लष्करी व नागरी वैद्य, जिल्हाधिकारी आणि प्रयोगशाळांत काम करणारे संशोधक यांचा भरणा होता. आर्थर रोड रुग्णालयातील डॉ. एन्. एच्. चोक्सी यांच्यासारख्या भारतीय वैद्यांनीही माहिती दिली. साक्षी प्रश्नोत्तररूपाने शब्दशः छापण्यात आल्या. त्यांचे तीन जाडजूड खंड, परिशिष्टे व अहवाल मिळून हा संग्रह पाच खंडांचा आहे. गावोगावची मृत्युसंख्या, पहिला रुग्ण कोठून आला, उंदीर केव्हा मेले, लोक घरे सोडून केव्हा गेले यांविषयीचे इतके तपशील अन्यत्र क्वचितच आढळतात. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या भारतीय समाजजीवनाच्या अभ्यासकांना हे खंड आजही उपयुक्त वाटतात. तथापि ज्यांच्या घरांची झडती झाली किंवा ज्यांना छावणीत राहावे लागले, अशा सामान्य रहिवाशांचा आवाज त्यांत प्रायः अधिकाऱ्यांच्या तोंडूनच ऐकू येतो.

निष्कर्ष : रोग एका गावाहून दुसऱ्या गावी मुख्यत्वे माणसांमार्फत व त्यांच्या कपड्यालत्त्याबरोबर जातो, असे आयोगाचे मत पडले. बहुसंख्य रुग्णांत जंतू त्वचेतून शरीरात शिरतात, हेही त्याने मान्य केले. उंदरांचा काही वाटा असल्याचे त्याने नाकारले नाही. परंतु त्याला प्रमुख स्थान दिले नाही.

याच संदर्भात आयोगाची सर्वांत मोठी चूक झाली. पॅरिसच्या पाश्चर संस्थेतर्फे भारतात आलेले फ्रेंच वैद्य पॉल-लुई सिमाँ यांनी १८९८ च्या जूनमध्ये कराची येथे केलेल्या प्रयोगात रोगी उंदरावरील पिसवा निरोगी उंदरावर गेल्या असता त्यालाही प्लेग होतो, असे दाखविले होते. त्यांचा निबंध त्याच वर्षी प्रसिद्ध झाला. उंदीर मरून थंड पडला की, पिसवा त्याला सोडतात व नव्या आश्रयाच्या शोधात माणसाला चावतात. म्हणून जुन्या मेलेल्या उंदरापेक्षा नुकताच मेलेला उंदीर अधिक धोक्याचा असतो, असे त्यांचे प्रतिपादन होते. आयोगाने या मताचा विचार केला. परंतु त्याचा पुरावा अत्यंत दुर्बळ असल्याचे ठरवून ते बाजूला सारले. सिमाँ यांचे प्रयोग संख्येने थोडे होते व इतर संशोधकांनी त्यांना तोवर पुष्टी दिलेली नव्हती, हे खरे. तथापि ते मत खोडून काढण्यासाठी आवश्यक ते प्रयोग न करताच आयोगाने आपला निर्णय दिला. आयोगाच्या प्रतिष्ठेमुळे हा विषय पुढे काही वर्षे मागे पडला.

लशीच्या बाबतीत आयोगाचे काम अधिक मोलाचे ठरले. वॉल्डेमार हाफकिन यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजमधील एका छोट्या प्रयोगशाळेत मृत जंतूंपासून लस तयार करून १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःस टोचून घेतली होती. त्यानंतर भायखळा तुरुंग, हुबळी, बडोदे संस्थानातील उंधेरा इ. ठिकाणी तिचे प्रयोग झाले. उंधेरा येथे प्रत्येक कुटुंबातील सुमारे निम्म्या माणसांना लस टोचण्यात आली. लस टोचलेल्या ७१ जणांपैकी ८ जणांना रोग झाला व ३ दगावले. न टोचलेल्या ६४ जणांपैकी २७ जणांना रोग झाला व २६ दगावले. अशा आकड्यांची आयोगाने कसून छाननी केली. कोठे मोजणी सदोष होती, कोठे दोन गटांची तुलना विषम होती, हे त्याने दाखविले. लशीमुळे रोग होण्याचे प्रमाण लक्षणीय घटते व मृत्यूचे प्रमाणही कमी होते. परंतु संरक्षण पूर्ण नसते, ते टोचल्याबरोबर सुरू होत नाही व मर्यादित काळच टिकते, असा संयत निर्णय त्याने दिला. लशीची मात्रा निश्चित करण्याची पद्धत व तिची शुद्धता यांबाबतची त्याची टीका कडक होती. योग्य ती दक्षता घेऊन लसीकरणास उत्तेजन द्यावे, अशी शिफारस त्याने केली. रोगनाशक रक्तरसांपासून मात्र तोवर विशेष लाभ झालेला नाही, तथापि त्यांवरील संशोधन चालू ठेवावे, असे त्याचे मत होते. आरोग्य सेवेत विशेष प्रशिक्षण घेतलेले अधिकारी असावेत व संशोधनासाठी प्रयोगशाळा उभारल्या जाव्यात, यावरही आयोगाने भर दिला.

धोरणातील बदल : अहवाल प्रसिद्ध होण्यापूर्वीच शासनाचे धोरण पालटू लागले होते. सैनिकांकरवी झडती, सक्तीने रुग्णालयात नेणे, प्रेतांची तपासणी हे प्रकार १८९८ नंतर उत्तरोत्तर कमी करण्यात आले. निरनिराळ्या जातिजमातींनी चालविलेल्या खाजगी रुग्णालयांना मान्यता मिळाली व कामात स्थानिक प्रतिष्ठितांचे साहाय्य घेण्यात येऊ लागले. स्वेच्छेने लस घेण्यावर भर देण्यात आला. मुंबईत तिसरे आगाखान यांनी स्वतः जाहीरपणे लस टोचून घेतली, हाफकिन यांना प्रयोगशाळेसाठी आपली वास्तू दिली आणि खोजा समाजातील हजारो लोकांनी त्यांचे अनुकरण केले. सक्तीने जे साधले नव्हते, ते विश्वासाने काही अंशी साध्य झाले. मात्र या बदलाचे श्रेय आयोगाच्या शिफारशींपेक्षा १८९६ ते १८९८ मधील लोकक्षोभालाच अधिक द्यावे लागते.

पुढील संशोधन : रोग १९०१ नंतर अधिकच फैलावला. १९०७ या एकाच वर्षी भारतात सु. १३ लाख लोक प्लेगने मरण पावले. १९०५ मध्ये भारतमंत्र्यांचे कार्यालय, रॉयल सोसायटी व लिस्टर संस्था यांच्या संयुक्त सल्लागार समितीने प्लेगच्या संशोधनासाठी दुसरे पथक मुंबईस पाठविले. या पथकाची रीत वेगळी होती. साक्षी नोंदविण्याऐवजी त्याने परळच्या प्रयोगशाळेत प्रत्यक्ष प्रयोग केले. तेथे डब्ल्यू. ग्लेन लिस्टन हे आधीपासूनच उंदरांवरील पिसवांचा अभ्यास करीत होते. प्रयोगासाठी मुद्दाम छोट्या खोल्या बांधून त्यांत गिनीपिग ठेवण्यात आले. जमिनीवर मोकळे सोडलेले गिनीपिग प्लेगने मेले. पिसवांची उडी पोहोचणार नाही इतक्या उंचीवर टांगलेल्या पिंजऱ्यांतील गिनीपिग वाचले. खोलीतील हवा व सहवास दोन्ही ठिकाणी सारखाच होता. यावरून ग्रंथिक प्लेग माणसाकडून माणसास सहसा होत नाही, तो उंदरांत आधी पसरतो व पिसवांमार्फत माणसास होतो, हे निर्विवाद सिद्ध झाले. फ्रान्समध्ये गोत्ये व रेबो यांनी १९०२–०३ मध्ये सिमाँ यांच्या प्रयोगाला पुष्टी दिली होती. पिसवेच्या अन्नमार्गात जंतूंचा बोळा बसतो व त्यामुळे ती चावताना जंतू जखमेत ओकते, हे बेकट व मार्टिन यांनी १९१४ मध्ये दाखवून दिले. [⟶ पिसू, प्लेग].

या शोधाच्या प्रकाशात १८९७ मधील उपायांचे मोल नव्याने ठरले. ग्रंथिक प्लेगचा रुग्ण शोधून त्याला घरातून ओढून नेल्याने साथ थांबण्यास फारशी मदत होत नव्हती. कारण रोगी उंदीर व पिसवा घरातच राहत. जमिनीवर औषधी द्रव शिंपडल्याने भिंतींतील व कौलांतील उंदीर मरत नसत. याउलट उंदीर मरू लागताच गाव सोडून माळावर झोपड्या घालून राहण्याची दख्खनेतील व कर्नाटकातील खेडुतांची रीत परिणामकारक होती. तिच्यामुळे माणूस उंदीर व पिसू या दोहोंपासून दूर जाई. ज्या उपायाला लोक आपणहून तयार होते, तोच शास्त्रदृष्ट्या अधिक योग्य ठरला व ज्याच्यासाठी सैन्य वापरावे लागले, तो बव्हंशी निष्फळ होता.

मलकवाल चौकशी : लसीकरणाच्या कार्यक्रमाचीही पुढे एक वेगळी चौकशी झाली व तिच्यातील दोष ध्यानात घेण्यासारखे आहेत. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातील मलकवाल या गावी १०७ जणांना लस टोचण्यात आली. त्यांपैकी एकाच बाटलीतील लस टोचलेले १९ जण धनुर्वाताने मरण पावले. मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश लॉरेन्स जेंकिन्स यांच्या अध्यक्षतेखालील चौकशी समितीने बाटली परळच्या प्रयोगशाळेतच दूषित झाली असावी, असा निष्कर्ष काढला. हाफकिन यांना पदावरून दूर व्हावे लागले. कागदपत्रे बराच काळ प्रसिद्ध झाली नाहीत. ती १९०६ मध्ये उपलब्ध झाल्यावर मात्र गावात बाटली उघडताना साहाय्यकाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता व तो पुरेसा निर्जंतुक न करता वापरला गेला, ही नोंद पुढे आली. रोनल्ड रॉस प्रभृती शास्त्रज्ञांनी १९०७ मध्ये लंडनच्या द टाइम्स या वृत्तपत्रातून हाफकिन यांची बाजू मांडली व त्याच वर्षी ते दोषमुक्त झाले. त्यांना पुन्हा भारतात नेमण्यात आले; परंतु त्यांच्या ऐन उमेदीची वर्षे या प्रकरणात वाया गेली. मुंबईच्या त्या प्रयोगशाळेला १९२५ मध्ये हाफकिन संस्था असे नाव देण्यात आले. [⟶ हाफकिन, वॉल्डेमार मॉर्देकाइ वुल्फ].

मूल्यमापन : प्लेगने भारतात विसाव्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंत १ कोटी २० लाखांहून अधिक बळी घेतले. एवढ्या प्रचंड आपत्तीच्या आरंभीच नेमलेला आयोग तिला आवर घालू शकला नाही. त्याची कारणे केवळ शास्त्राच्या तत्कालीन अपूर्णतेत शोधता येत नाहीत. आयोगाने विद्वत्ता व परिश्रम यांत कसूर केली नाही. आकड्यांची छाननी करण्यातील त्याची काटेकोर वृत्ती आजही अनुकरणीय वाटते. परंतु त्याने उत्तरे शोधली ती विचारलेल्या प्रश्नांचीच. लोक रुग्ण का लपवितात, दवाखान्याला का भितात, अधिकाऱ्याविरुद्ध साक्ष द्यायला का धजत नाहीत, हे प्रश्नही रोगाच्या प्रसाराशी तितकेच निगडित होते. रुग्ण लपविला गेला की, रोगाची वार्ता उशिरा कळे व मृत्यूंची नोंद चुके. या बाबी प्रशासनाच्या मानून वगळल्यामुळे चौकशी अपुरी राहिली.

साथीनंतरच्या चौकशीची ही परंपरा भारतात नंतरही खंडितच राहिली. १९१८ च्या इन्फ्ल्यूएंझाच्या साथीत याहून कितीतरी अधिक वेगाने माणसे मेली; तथापि तिच्याविषयी आरोग्य खात्याच्या अहवालांपलीकडे स्वतंत्र आयोग नेमला गेला नाही. १९९४ मध्ये बीड जिल्ह्यात व सुरत येथे प्लेग उद्‌भवला, तेव्हा व्ही. रामलिंगस्वामी यांच्या अध्यक्षतेखाली तज्ञ समिती नेमण्यात आली. तिचेही स्वरूप मुख्यतः वैज्ञानिक होते. १८९७ चा साथरोग अधिनियम स्वातंत्र्यानंतरही कायम राहिला. कोविड–१९ च्या साथीत मार्च २०२० मध्ये महाराष्ट्रासह अनेक राज्यांनी त्याचाच आधार घेतला. त्याच वर्षी त्यात दुरुस्ती होऊन आरोग्यसेवकांवरील हल्ल्यांबद्दल कडक शिक्षेची तरतूद झाली. परंतु नागरिकांच्या हक्कांच्या व दाद मागण्याच्या बाबतीत त्याचा मूळ साचा पालटला नाही. याच साथीसंबंधी ब्रिटनमध्ये बॅरोनेस हॅलेट यांच्या अध्यक्षतेखाली २०२२ मध्ये सुरू झालेल्या चौकशीची कक्षा मात्र व्यापक होती. शासनाची पूर्वतयारी व निर्णयप्रक्रिया हेच तिचे विषय होते, मंत्र्यांना जाहीरपणे साक्ष द्यावी लागली आणि मृतांच्या नातेवाईकांच्या संघटनांना कामकाजात अधिकृत स्थान मिळाले. फ्रेझर आयोगाच्या कक्षेत जे नव्हते, ते सव्वाशे वर्षांनी त्याच देशातील चौकशीच्या केंद्रस्थानी आले.

महामारीनंतरची चौकशी फलदायी होण्यासाठी तिच्यात तीन गोष्टी असाव्या लागतात, असे भारतीय प्लेग आयोगाच्या इतिहासावरून दिसते. प्रचलित मताविरुद्ध जाणारा पुरावा कितीही थोडा असला, तरी तो प्रयोगाने पारखण्याची तयारी असावी. उपाय राबविणाऱ्यांबरोबरच ते ज्यांनी सोसले, त्यांचीही साक्ष निर्भय वातावरणात घेतली जावी. तसेच चौकशीची कागदपत्रे वेळीच लोकांपुढे ठेवली जावीत. यांपैकी पहिल्या गोष्टीच्या अभावी सिमाँ यांचा शोध मागे पडला, दुसरीच्या अभावी पुण्यातील तक्रारींची शहानिशा झाली नाही व तिसरीच्या अभावी हाफकिन यांच्यावर अन्याय झाला.